बेबीताईकडून तक्रार आली नाही

मदन महल, जबलपूर
१८ ऑक्टोबर १९९६, शुक्रवार

ताई,

खरं सांगतो, हे पत्र मी दोन वर्षं टाळलं. आधी म्हटलं दिवाळी झाली की लिहू, मग म्हटलं नोकरी लागली की लिहू. नोकरी लागली, सुटली, दुसरी लागली. एक अंतर्देशीय आणून ठेवलं होतं, ते पँटच्या खिशात धुतलं गेलं. दुसऱ्यावर मालकानं कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेतला. आता हे केबलच्या पावतीबुकातल्या कोऱ्या पानांवर लिहून राहिलो. पत्राच्या सुरुवातीला वडीलधाऱ्यांना काय लिहायचं असतं ते आठवत नाही. शाळेत मी तेवढा टिकलोच कुठे?

मधे मी पिपरियाला एका ट्रकवाल्याबरोबर होतो, मग बालाघाटला, मग नरसिंहपूरला गुळाच्या भट्टीवर. तिथे एक म्हातारा होता, तो गुळाचा वास घेऊन सांगायचा की ऊस कोणत्या शेतातला. पण ते राहू दे. जूनपासून घरी आहे. इथे बाजूच्या गोरखपुरात भय्यासाहेब म्हणून आहेत, त्यांच्या केबलवर लाइनमन आहे. शिडी खांद्यावर, वायरचं भेंडोळं गळ्यात, या गच्चीवरून त्या गच्चीवर. मदन महलच्या टेकडीवरची माकडं वायरला झोके घेतात आणि शिव्या मला पडतात.

लिहायचं कारण, मला बाबांवर संशय आहे.

आधी मालिकेचं सांगतो, त्याशिवाय तुला कळायचं नाही. दर गुरुवारी साडेआठला ‘आधा ज़ीना’ लागते. विनोदी आहे. तूही बघत असशील, इटारसीत केबल असेलच. मी ती पूर्ण कधीच पाहिली नाही. नेमक्या त्याच वेळी तक्रारी येतात, म्हणून सुरुवात सदर बाजारात एका सुभेदाराच्या घरी बघतो, मधलं गोरखपुरात एका दाताच्या डॉक्टरकडे आणि शेवट पानवाल्याच्या टीव्हीवर. पण वीस घरांत तुकडे तुकडे पाहिल्यामुळे मला ती घरी बसून बघणाऱ्यांपेक्षा जास्त समजते, असं माझं मत आहे.

एक जुनी इमारत. वर बँकेतली नलिनी, खाली रेडिओ दुरुस्त करणारा बिपिन, मधे एकच जिना. दोघं पाण्याच्या मोटरवरून भांडतात. ती म्हणते तुझं तोंड बघायची इच्छा नाही, तो म्हणतो मग डोळे मिटून जिना उतर. लोक हसतात. कोण लोक? हे हसणारे कधी दिसत का नाहीत? मी तर प्रत्येक घरात टीव्हीसमोरचे लोक पाहिलेत, ते पापड खात असतात, कुणी हसत नाही. आतून मात्र हजारभर माणसं हसतात. मला त्या हसण्याचा भरवसा नाही.

आणि एक कंपाउंडर आहे, हेमंत. गरीब माणूस. बिचारा डब्यात भाजी घेऊन येतो, जिन्यावर उभा राहतो, दोघांचं भांडण ऐकतो आणि परत जातो. माझ्या मते नलिनीनं त्याच्याशी लग्न करावं. पण करणार नाही. या सगळ्या मालिकांचा एकच नियम आहे: जे भांडतात तेच शेवटी माळ घालतात, आणि जो डबा आणतो त्याला वरातीत खुर्च्या लावायला लावतात. आणि तेही लवकर होऊ देत नाहीत, कारण लग्न झालं की दुकान बंद. म्हणून कोणी कोणाला सरळ विचारतच नाही. नलिनीनं एकदा तोंडावर विचारलं असतं तर तेरा भाग वाचले असते.

आता बाबांचं ऐक. टीव्हीला जन्मभर ‘डबडं’ म्हणणारे आपले रामराव दर गुरुवारी आठ वाजता दाढी करतात. संध्याकाळी आठला! इस्त्रीचा सदरा घालतात आणि गोरखपुरात जातात. कुठे? बेबीताईकडे. मी विचारलं तर म्हणाले, “मालिका बघायला.” मी म्हटलं, “आपल्याकडे मी फुकट जोडून दिली ना केबल!” तर म्हणाले, “आपल्या डबड्यात हिरवं दिसतं.”

बेबीताई! जिला ते आकाशवाणी म्हणायचे, आणि जी त्यांना फॅक्टरीचा भोंगा म्हणायची. तिचे यजमान, ते होते तेव्हा, फॅक्टरीत बाबांच्याच खात्यात होते, तेव्हापासून यांचं भांडण. तुझं आणि दिवाकरचं प्रकरणही तिनंच बाबांना सांगितलं असं तू म्हणत होतीस. जाताना तिच्या दारात उभं राहून किती बोललीस! तुझी सूटकेस घेऊन मी मागे उभा होतो. त्याबद्दल आत्ता नको.

मी नियम लावून बघितला. वीस वर्षं भांडण, मग अचानक दाढी. तूच सांग.

बाबा बासष्ट वर्षांचे, ती पंचावन्नची तरी असेल. तू रागावली आहेस हे माहीत आहे, पण आई आपल्या दोघांची होती. मी काय करू ते कळव.

तुझा,
गुणवंत


मदन महल
१ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वर्षांनी चार ओळी, त्यातले तीन प्रश्न. बाबा खोकतात का, रात्री पोळी खातात की नुसता भात, आणि गोरखपुरात जाताना स्वेटर घालतात का. चौथी ओळ, “इतका संशय आहे तर त्यांनाच विचारत का नाहीस?” बेबीताईबद्दल चकार शब्द नाही! मी एवढी मोठी बातमी दिली आणि तू स्वेटर विचारतेस. मला हे जरा विचित्रच वाटून राहिलं.

खोकत नाहीत. दोन पोळ्या खातात. स्वेटर घालत नाहीत, इस्त्री दिसावी म्हणून. झालं?

विचारणार होतो. परवा चहाच्या वेळी तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात ते म्हणाले, “गुरुवारी तुझी ड्यूटी आहे ना? पक्की?” आणि माझ्याकडे असं बघितलं की मीच हो म्हणालो आणि चपला घातल्या.

आता नवीन ऐक. आईची ट्रंक उघडली. मला पक्कड पाहिजे होती, तू हसू नको, आपल्या घरात पक्कड कुठेही सापडू शकते. तर ट्रंक अर्धी रिकामी! आईची नेसून नेसून मऊ झालेली सुती लुगडी होती ना? सगळी गायब. ते जांभळं, ज्याच्या पदराला मी लहानपणी तोंड पुसायचो, तेही. चांगल्या साड्या तशाच आहेत, शालू आहे. जुनीच गेलीत. मला वाटलं बोहारणीला दिली. मग आठवलं, मागल्या गुरुवारी बाबांच्या हातात कापडी पिशवी होती, चांगली फुगलेली.

स्वतःच्या बायकोची लुगडी दुसरीला नेऊन देतात! तीसुद्धा जुनी! निदान शालू तरी द्यायचा, म्हणजे काहीतरी समजलं असतं.

स्वयंपाकघरातला स्टीलचा मोठा डबाही नाही. ज्याच्यावर आईचं नाव कोरलेलं आहे तो. आणि रविवारी मी सदरमध्ये एका खांबावर चढलो होतो, वरून बघतो तर बाबा किराणा दुकानात उभे. सायकल टेकवून ठेवलेली. मी कान लावला. डिंक, खारीक, सुकं खोबरं, अळीव. दुकानदार म्हणतो, “क्या बात है दादा, ठंड से पहले ही तैयारी?” आणि आपले बाबा लाजले. ताई, मी खांबावरून पाहिलं, लाजले! बासष्टाव्या वर्षी माणूस डिंक कशाला खातो? ताकदीसाठीच ना? मला तर खांबावरच घाम फुटला.

मग मी एक गोष्ट केली. कोणाला सांगू नको, भय्यासाहेब कामावरून काढतील. काल गुरुवारी आठ वाजून पंचवीस मिनिटांनी मी बेबीताईच्या गल्लीतल्या खांबावर चढलो आणि तिच्या एकटीची वायर काढून ठेवली. विचार असा की साडेआठला टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसणार, ती तक्रारीचा फोन करणार, भय्यासाहेब मला पाठवणार आणि मी राजरोस शिडी घेऊन आत. आमच्या धंद्यात एवढंच सुख आहे, कोणाच्याही बैठकीत थेट जाता येतं.

मी कंट्रोल रूममध्ये फोनजवळ बसून राहिलो. आठ पस्तीसला सुभेदाराचा फोन, आवाज येत नाही. आठ चाळीसला दाताच्या डॉक्टरांचा. पावणेनऊ. नऊ.

बेबीताईकडून तक्रार आली नाही.

समजलं का तुला? अख्ख्या जबलपुरात ‘आधा ज़ीना’ चालू असताना कोणाची केबल गेली आणि त्यानं फोन केला नाही, असं माझ्या नोकरीत एकदाही झालेलं नाही. एकदा तर एका घरात मयत पडलेली होती आणि एक काका बाहेर येऊन हळूच म्हणाले, “बेटा, नौ बजे तक ठीक हो जाएगा?” आणि ही दोघं मुंग्या बघत बसली अर्धा तास! म्हणजे मालिका बघायला जातच नाहीत ते.

नऊ वाजता गुपचूप वायर जोडून दिली. बाबा घरी आले तेव्हा मी म्हटलं, “काय झालं आज नलिनीचं?”

बाबा म्हणाले, “नेहमीचंच. भांडली.”

भांडली नव्हती, ताई. काल नलिनीला ताप होता आणि ती पूर्ण भाग झोपूनच होती. आज सुभेदाराकडून कळलं.

बाबा माझ्याशी खोटं बोलले. आजपर्यंत त्यांनी मला मारलं, घराबाहेर काढलं, पण खोटं कधी बोलले नव्हते.

पुढच्या गुरुवारी मीच आत जाणार होतो, पण दिवाळीआधी दुप्पट काम आहे. त्याच्या पुढच्या गुरुवारी जातो. काय दिसेल याची भीतीही वाटते.

गुणवंत


मदन महल
१५ नोव्हेंबर १९९६, शुक्रवार

ताई,

तुम्ही तिघांनी मिळून मला येडा बनवलं.

आधी काय झालं ते माझ्या बाजूनं सांगतो, कारण तुझ्या बाजूला नुसता फोनच होता.

काल साडेआठच्या आधी परत बेबीताईची वायर काढली आणि शिडी घेऊन सरळ दारात गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून टीव्हीचा फर्रर्र आवाज, इतका मोठा की बाहेरची कुत्री भुंकत होती. दार ढकललं. टीव्हीवर मुंग्या, आणि दोघांपैकी एकाचंही तिकडे लक्ष नाही. बेबीताई खाली सतरंजीवर, मांडीवर आईचं जांभळं लुगडं, हातात कात्री. आणि बाबा फोनजवळच्या खुर्चीत, रिसीव्हर कानाला लावून, डोळे मिटून बसलेले. बोलत काहीच नव्हते. मला आधी वाटलं त्यांना काही झालं.

मी ओरडलो, “आईचं लुगडं कापून राहिले तुम्ही!”

बेबीताई दाताखाली दोरा धरून म्हणाल्या, “हळू बोल रे गधड्या, ती बोलून राहिली ना!”

“कोण?”

“तुही बहीण! दुसरं कोण?”

बाबांनी डोळे न उघडता माझ्याकडे हात केला, लहानपणी बातम्या लागल्या की करायचे तसा. मी शिडी धरून उभा राहिलो. तुझा आवाज येत होता, शब्द समजत नव्हते, एवढंच कळत होतं की तू भराभर बोलून राहिलीस. मग खट् आवाज झाला. बाबांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी खाली ठेवला.

“संपले हिचे पैसे,” म्हणाले. “पाय सुजलेत म्हणते. बेबीताई, पाय सुजणं चांगलं का?”

“सातव्यात सुजतातच. मीठ कमी कर म्हणा. मी उद्या फोन करते तिच्या शेजारणीकडे.”

ताई, मी बावीस वर्षांचा आहे. मी मध्यप्रदेशातली पाच गावं पाहिलीत. त्या लुगड्याचे शिवलेले चौकोन हातात घेऊन मी विचारलं, “एवढ्या लहान उशा कोणासाठी?”

बेबीताई हसता हसता मागच्या भिंतीला टेकल्या. “उशा नाहीत रे बाप्पा, दुपटी आहेत! जुन्या लुगड्याचीच करतात, नवं कापड टोचते लेकराले. आजीचं लुगडं अंगाखाली पाहिजे. आणि हे झबलं, आणि ही कुंची. काहून, तुले काय वाटलं?”

मला काय वाटलं ते मी सांगितलं नाही. डिंकाचं पण विचारलं नाही. ते तुझ्यासाठी लाडू होते, आईच्या डब्यात भरून रेल्वेच्या एका गार्डसाहेबांच्या हाती इटारसीला गेले, हे त्यांनीच सांगितलं. तू ते खाल्लेस, आणि मला कार्डात स्वेटर विचारलास!

मग मी बाबांना विचारलं, “बोलत का नाही तुम्ही तिच्याशी? नुसतं ऐकता?”

बाबा म्हणाले, “तिच्याशी मरेपर्यंत बोलणार नाही असं म्हणालो होतो मी. ऐकणार नाही असं नव्हतो म्हणालो.”

“आणि टीव्ही कशाला एवढा मोठा?”

“शेजारी ऐकतात,” बेबीताई म्हणाल्या. “यांची इज्जत आहे ना फॅक्टरीत. रिटायर झाले तरी आहे म्हणतात.”

“मला का नाही सांगितलं?”

बाबा उठले, टीव्ही बंद केला. म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर गोरखपुरातल्या सगळ्या टीव्हींवर खाली पट्टी फिरली असती. रामरावांच्या मुलीला सातवा महिना. तुझ्या पोटात काही राहतं का? एकदा पाहिलं ना आपण.”

हे ते अगदी शांतपणे म्हणाले. बेबीताई एकदम दोऱ्यात गाठ मारायला लागल्या.

आता मला ते लिहायचं आहे जे मी दोन वर्षं टाळलं.

बाबांना बेबीताईंनी नव्हतं सांगितलं. मी सांगितलं.

ग्वारीघाटावर तू आणि दिवाकर एकाच कागदातले फुटाणे खात बसला होतात. मी नावेच्या मागे होतो. त्या रात्री रामटेकचे मामा जेवायला होते, आणि मी ताटावर बसून तुमची नक्कल केली. तू कशी ओढणी सांभाळतेस, तो हिंदीत कसा “शैलजा जी, आप लीजिए” म्हणतो, सगळं मालिकेतल्यासारखं करून दाखवलं. मला वाटलं सगळे हसतील. कोणीच हसलं नाही. मामांनी घास खाली ठेवला. बाबांनी विचारलं, “कुठला आहे?” आणि मी अजूनही हसतच होतो, म्हणालो, “कटनीचा.” मग जे झालं ते झालं. बाबांचं ते वाक्य, की माझी नातवंडं मराठीत रडणार का हिंदीत, आणि तो माणूस माझ्या घरात पाय ठेवणार नाही. तुला वाटलं बातमी बेबीताईंनी आणली, कारण बातमी आणणं हे त्यांचंच काम. तू त्यांच्या दारात जे बोललीस ते मी ऐकलं. माझ्या हातात तुझी सूटकेस होती. मला फक्त चार शब्द बोलायचे होते. नाही बोललो. मग पिपरियाला निघून गेलो.

काल निघताना बाबा पुढे गेले तेव्हा मी फाटकाशी विचारलं, “बेबीताई, तुम्ही तिला कधी सांगितलं नाही, की तुम्ही नव्हत्या?”

त्या म्हणाल्या, “उन्हाळ्यात इटारसीला लग्नाला गेले होते. घर शोधून गेले. पोरगी एकटी, सासू नाही, उलट्या करून राहिलेली. मले पाहून म्हणे, तुम्हीच सांगितलं ना बाबांना? मी म्हटलं, हो बाई, मीच सांगितलं, आता हे लिंबू चोख.”

“पण का?”

“एवढा मोठा झाला अन् अक्कल नाही. तिले एकच भाऊ. माझ्यावर राग धरला तर माझं काय गेलं? मी काही तिले माहेरी आणायले मुराळी होऊन जाणार नाही. जाईल तर भाऊच जाईल.”

घरी येताना बाबांनी सायकल हातात धरून चालवली. म्हणाले, डिसेंबर लागला की तुला आठवा, आठव्यात प्रवास करायचा नाही. बाळंतपणाला माहेरी आण म्हणून बेबीताईंनी फोनवर दहादा सांगून पाहिलं, तर तू म्हणतेस मुराळी आल्याशिवाय येणार नाही. “मी पळून गेले होते, पळून येणार नाही,” असं म्हणालीस ना? हे सांगताना बाबा थांबले. त्यांना ते वाक्य आवडलंय, मी सांगतो तुला. स्वतः ते येऊ शकत नाहीत, आले तर बोलावं लागेल. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुझी सुट्टी असते का काही?”

आता तू सगळं वाचलंस. म्हणून मी तसाच गाडीत बसून येत नाही. ज्यानं तुला घराबाहेर काढलं तोच न्यायला आला, असं व्हायला नको. तू ये म्हणालीस तर येतो. भाऊबीजेला तुझी ओवाळणी नाही झाली, त्यावर मी काही बोलत नाही.

गुणवंत


बेबीताईंकडे, गोरखपूर
२८ नोव्हेंबर १९९६, गुरुवार

ताई,

तेरा दिवस झाले, उत्तर नाही. डाकिया मला बघून लांबूनच हात हलवतो. मागल्या गुरुवारी फोनही वाजला नाही. बाबांनी साडेआठ ते नऊ फोनकडे बघितलं. मधे एकदा उचलून बघितला, लाइन आहे का, आणि पुन्हा ठेवला. मी म्हटलं, “बूथवर गर्दी असेल.” बेबीताईंनी माझ्याकडे बघितलं. मी काय लिहिलंय ते मी त्या दोघांना सांगितलेलं नाही, पण मला संशय आहे, दोघांनाही माहीत आहे. गेली रात्र मी असाच विचार करून राहिलो: खरं सांगितल्यानं तू माझ्यावर रागावलीस, इथवर ठीक. पण त्या रागात इकडे यायचंच रद्द केलंस तर? म्हणजे दोन वर्षं खोटं बोलूनही मीच वाट लावली आणि खरं बोलूनही मीच.

रविवारी डिसेंबर लागतो.

आज सुट्टी घेतली आहे. बेबीताईंची वायर मी स्वतः नवी टाकून दिली, चित्र लख्ख आहे. साडेआठला फोन नाही वाजला. आम्ही तिघं टीव्हीकडे तोंड करून बसलो आहोत आणि मी मांडीवर वही घेऊन हे लिहितोय, कारण हात रिकामे ठेवले की मी फोनकडे बघतो. आयुष्यात पहिल्यांदा ‘आधा ज़ीना’ सुरुवातीपासून एका जागी बसून पाहतोय. एका जागी बसून ती तेवढी चांगली वाटत नाही, पण ते जाऊ दे.

बाबांचं मत ऐक. मी म्हटलं, नलिनी शेवटी बिपिनलाच माळ घालणार, भांडतात ना. बाबा म्हणाले, “तुला बघता येत नाही. त्या कंपाउंडरचा डबा बघ.”

“काय त्याचं?”

“भाजी घेऊन येतो ना? ती डबा परत देते तेव्हा रिकामा देत नाही. कधी साखर, कधी चार चिंचा. मागे एकदा काहीच नव्हतं घरात, तर मीठ घातलं. पाहिलं नाही का तू?”

नव्हतं पाहिलं, ताई. वीस घरांत पाहिलं आणि हेच नाही पाहिलं. आई कोणाचा डबा रिकामा परत करायची नाही, ते आठवलं.

“तुम्ही तर फोन ऐकत होता म्हणे दर गुरुवारी,” बेबीताई म्हणाल्या.

“फोन दहा मिनिटं. बाकी वीस मिनिटं काय तुमचं तोंड बघू?”

“बघा ना, पैसे नाही पडत!”

हे दोघं भांडतात ना, त्यात काही नाही. आता मला खात्री आहे. बहुतेक.

जाहिरात संपली. नलिनी जिन्यात उभी आहे, बिपिन वर, कंपाउंडर खाली, आणि ती सांगणार आहे की

थांब, बेल वाजली.

परत बसलो. नलिनी काय म्हणाली ते राहिलंच, कारण दार मी उघडलं. तू पाठवलंस म्हणजे तुला माहीतच आहे, तरी लिहितो. घाईत लिहून राहिलो, अक्षर समजून घे.

दिवाकर आले आहेत. गाडी उशिरा आली म्हणाले, मदन महलला घरी जाऊन आले, कुलूप बघून इकडे आले. दारातच बूट काढून हातात धरून उभे, दुसऱ्या हातात पिशवी. मी शिडी शोधायला लागलो. ते म्हणाले, आणि तू किती वेळा पाठ करून घेतलंस कोण जाणे, “मी मुराळ्याला न्यायला आलो. शैलजा म्हणाली, भाऊ आपणहून यायला घाबरतो, त्याला घेऊन या. सकाळची गाडी आहे.” मग हिंदीत, हळूच, “चिट्ठी पढ़के दो दिन किसी से बोली नहीं. फिर बहुत हँसी. उशा कोणासाठी, उसपे.”

मागून बाबांच्या खुर्चीचा आवाज आला. मी वळून बघितलं नाही. हा माणूस माझ्या घरात पाय ठेवणार नाही, हे वाक्य मला पाठ आहे, बेबीताईंनाही पाठ आहे. त्या सुईत दोरा घालत होत्या, तो गेलाच नाही.

बाबा म्हणाले, “हे माझं घर नाही. बेबीताईंचं आहे. या, आत या. बूट खाली ठेवा.”

आता दिवाकर त्या फोनजवळच्या खुर्चीत बसलेत, बेबीताई आत भांडी वाजवून राहिल्या, आणि बाबा उभेच आहेत. हातात आईच्या नावाचा स्टीलचा डबा. पिशवीतून दिवाकरांनी काढून दिला. बाबांनी आधी तो नुसता हातात तोलून बघितला. मग झाकण उघडलं. डबा रिकामा नव्हता. मग परत लावलं, आणि डबा पोटाशी धरून टीव्हीकडे बघत उभे राहिले. टीव्ही चालू आहे, सगळे हसून राहिलेत, आणि बाबांना काही दिसत नाहीये.